वांग्याचं एकच झाड, वर शिंपी आणि खाली सूत्रकृमी: जून ते ऑगस्टची नोंद

गॅलरीतल्या दोन वांग्यांबद्दल मी मागच्या नोंदीत लिहिलं होतं. दोन्ही रोपं मार्चअखेरीस एकाच रोपवाटिकेतून आणलेली, दोन्ही चौदा इंची कुंड्यांत, माती एकाच गोणीतली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातलं एक दुपारी मान टाकायला लागलं. सकाळी ताठ, बारा वाजता लुळं, संध्याकाळी पुन्हा ताठ. मला वाटलं पाणी कमी पडतंय. पण बोरिवलीत पाऊस सुरू झाला, कुंडीतली माती चिंब झाली, तरी दुपारची मान खालीच. खालची पानं पिवळी पडली. शेवटी २३ जूनला मी ते झाड उपटलं.

मुळं धुतली आणि हातात धरून बराच वेळ बघत बसले. वांग्याच्या मुळाऐवजी आल्याचा तुकडा धरलाय असं वाटत होतं. मोहरीएवढ्यापासून वाटाण्याएवढ्यापर्यंत गाठी, काही ठिकाणी चार-पाच गाठी एकमेकींत मिसळून बोटाएवढी जाड झालेली. तंतुमुळं जवळजवळ नव्हतीच. ज्यांनी घेवडा किंवा भुईमूग लावलाय त्यांनी मुळावरच्या गाठी पाहिलेल्या असतात, पण त्या वेगळ्या. त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखानं सहज सुटतात आणि फोडल्या तर आत गुलाबी. ह्या गाठी सुटत नव्हत्या, कारण मूळच फुगलेलं होतं. म्हणजे सूत्रकृमी, मुळात घर करणारे दोऱ्यासारखे बारीक कृमी. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी लावणाऱ्या प्रत्येकानं ह्या गाठी एकदा तरी ओळखायला शिकाव्यात.

दुसरं वांगं दिसायला बरं होतं. पण माती तीच, रोपवाटिका तीच. तेही काढून टाकायचं आणि दोन्ही कुंड्यांची माती गोणीत बांधून ठेवायची, असं मी ठरवलं होतं. २५ तारखेला सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दारात आले तर त्या झाडावर शिंपी पक्षी होता.

शिंपी आमच्याकडे रोज असतो. सोसायटीच्या कुंपणावर, समोरच्या जांभळाखाली, कढीपत्त्याच्या कुंडीत. सात-आठ ग्रॅमचा जीव, तांबूस टोपी, हिरवट पाठ, वर उभी शेपटी, आणि त्या जिवाला न शोभेलसा मोठा आवाज. त्या दिवशी मात्र तो गप्प होता. खरं तर ती होती. विणीच्या दिवसांत नराच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब होतात, ह्या पाखराला ती नव्हती. वांग्याचं सगळ्यात मोठं पान तिनं निवडलं होतं, खालून तिसरं. पानाच्या कडेपासून जरासं आत चोच टेकवली, दाबली, भोक पडलं. मग चोचीतला धागा त्या भोकातून ढकलला आणि पानाच्या पलीकडे जाऊन ओढला. धागा कोळ्याच्या जाळ्याचा होता. ग्रिलच्या वरच्या कोपऱ्यातली जळमटं मी आषाढ लागण्याआधी काढायची म्हणून ठेवली होती, ती तिथून कमी होत गेली.

मी खाली बसले आणि हलले नाही. एक टाका नीट पाहायला मिळाला. आपण शिवतो तसा एकच धागा पुढे पुढे जात नाही. प्रत्येक टाका सुटा असतो. धागा भोकातून बाहेर आला की त्याचं टोक ती चोचीनं पिंजते, ते फुगून बसतं आणि मागे सरकत नाही. बटण काजातून पलीकडे गेलं की अडकतं, तसं. मी देवघरातला वातींचा कापूस चिमूटभर काढून ग्रिलला अडकवला. दहा मिनिटांत तिनं तो नेला. २८ जूनपर्यंत पानाच्या दोन्ही कडा एकत्र आल्या, शेजारच्या पानाची कड झाकणासारखी वर ओढून शिवली गेली, आणि आत गवताच्या काड्या आणि कापूस भरला गेला.

म्हणजे आता झाड उपटता येणार नव्हतं. मुलगी म्हणाली, "आई, ते झाड तुझ्याकडे महिनाभर टिकेल का?" प्रश्न बरोबर होता. घरटं बांधून झालं होतं. अंडी घालायला तीन-चार दिवस, उबवायला साधारण बारा, पिल्लं उडायला चौदा. म्हणजे मला एक महिना पाहिजे होता. आणि जमिनीखालच्या त्या प्राण्याला, सत्तावीस अंशाच्या मातीत, अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत पोचायला पंचवीस ते तीस दिवस लागतात. मुंबईतल्या जुलैच्या मातीचं तापमान साधारण तेवढंच असतं. माझ्या कुंडीतला थर्मामीटर त्या महिन्यात २७ ते २९ दाखवत होता. वर आणि खाली, दोन्ही संसार एकाच मुदतीचे निघाले. तिथून मी दोघांची नोंद शेजारी शेजारी ठेवायला लागले, आणि ही सगळी हकिगत त्याचीच आहे.

घरट्याच्या झाडाची मुळं उकरून बघता येत नव्हती. पण आधी उपटलेल्या वांग्याच्या मातीत २५ जूनलाच टोमॅटोची सहा छोटी रोपं कागदी कपांत लावली होती. कृमी खाली काय करताहेत ते ती रोपं सांगणार होती. ठरावीक दिवसांनी एकेक उपटायचं, धुवायचं, बघायचं.

कृमी डोळ्यांनी दिसत नाहीत. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू साधारण ०.४ मिलिमीटर लांब आणि केसाहून कितीतरी बारीक असतं. मी फोल्डस्कोप वापरते, कागदी सूक्ष्मदर्शक, १४० पट. कृमी वेगळे करायची पद्धत बेअरमान ह्यांची १९१७ ची, घरी करता येण्यासारखी. खोलगट ताटलीत पाणी, त्यावर चहाची गाळणी, गाळणीत टिश्यू पेपर, त्यावर माती. पाणी टिश्यूला लागेल एवढं. चोवीस तासांत जिवंत कृमी टिश्यूतून खाली पाण्यात उतरतात. पाणी उंच ग्लासात ओतून तासभर ठेवायचं आणि तळातला थेंब काचेवर घ्यायचा.

पहिल्याच थेंबात वळवळणारे जीव दिसले आणि मी घाईनं चुकीचा निष्कर्ष काढला. चांगल्या मातीतही सूत्रकृमी भरपूर असतात, ते जिवाणू आणि बुरशी खातात, झाडाला काही करत नाहीत. मुळं खाणाऱ्यांच्या तोंडात सुई असते, जिवाणू खाणाऱ्यांच्या नसते. पण ती सुई इतकी बारीक असते की १४० पटीत मला खात्रीनं दिसत नाही. म्हणून नंतर मी माती सोडली आणि गाठी असलेली धुतलेली मुळं बारीक चिरून गाळणीत ठेवली. त्यातून जे खाली उतरले ते बहुतेक तेच, गाठ करणारे. नवीन लोकांनी हीच वाट धरावी. मातीच्या थेंबावरून कुंडी फेकू नका.

३ जुलै. पहिलं टोमॅटो उपटलं, आठवा दिवस. मुळाच्या टोकांशी अगदी लहान फुगवटे, बोटानं चाचपल्यावरच कळणारे. वर घरट्यात तीन अंडी. लाकडी पट्टीला छोटा आरसा बांधून मादी उडून गेली की दहा सेकंद बघायचं, एवढंच मी करत होते. अंडी ३० जून, १ आणि २ जुलैला आली.

त्या आठवड्यात जे वाचलं आणि पाहिलं ते इथे सांगते, कारण मला ह्या दोघांची तुलना करावीशी वाटली ती इथूनच. शिंपिणीची सुई म्हणजे तिची चोच. तिनं भोक पाडलं तरी पान मरत नाही, भोकाच्या कडा करपतही नाहीत. पान देठाला धरून हिरवं राहतं, ऊन घेतं, आपलं काम करतं. घरटं लपतं ते त्यामुळेच. सालिम अलींनी किहीमला ज्या सुगरणीचा अभ्यास केला तिचं घरटं गवताचं, कापून आणलेलं. शिंप्याचं घरटं मात्र जिवंत पानात असतं आणि झाडाकडून तो पानाच्या आकारापलीकडे काही घेत नाही.

कृमीच्या पिल्लाची सुई पोकळ असते. मुळाच्या टोकामागून ते आत शिरतं, पेशींच्या मधून वाट काढत मुळाच्या गाभ्याशी पोचतं, जिथून पाणी आणि अन्न वाहतं. तिथे पाच-सात पेशी निवडतं आणि त्यांत सुईतून स्राव सोडतं. त्या पेशींमधलं केंद्रक विभागत राहतं, पण पेशी मात्र विभागत नाही. त्यामुळे एकेक पेशी शेकडो पटीनं फुगते, आत केंद्रकंच केंद्रकं. भोवतीच्या पेशीही वाढतात आणि गाठ होते. गाठ कृमीनं बांधलेली नाही. झाडानं बांधली आहे, कृमीच्या सांगण्यावरून. मला ही गोष्ट पानातल्या टाक्याहून अधिक अवाक करून गेली. शिंपिणीनं चार दिवस सकाळपासून चोच चालवली तेव्हा घरटं झालं. ह्या कृमीनं एक थेंबही नाही इतका स्राव सोडला आणि झाडाच्या स्वतःच्या यंत्रणेकडून घर करून घेतलं.

एकदा जागा धरली की मादी पुन्हा हलत नाही. तिचं अंग फुगून नासपतीसारखं होतं. मेलॉइडोगाइन हे शास्त्रीय नाव गोएल्डींनी ब्राझीलमध्ये कॉफीच्या मुळांवर काम करताना दिलं, त्याचा अर्थच सफरचंदासारखी मादी. त्याआधी १८५५ मध्ये बर्कले ह्यांनी इंग्लंडमधल्या काचघरातल्या काकडीच्या मुळांवर ह्या गाठींची नोंद केली होती. आपल्याकडे १९०१ मध्ये बार्बर ह्यांनी दक्षिण भारतात चहाच्या मुळांवर. तेव्हापासून आजपर्यंत भाजीच्या शेतात ही कीड मागे लागलेली आहे आणि तिचं नुकसान बहुतेकदा खताची किंवा पाण्याची कमतरता समजून जातं. माझंही तेच झालं.

८ जुलै. ह्या दिवसाची मला सगळ्यात जास्त भीती होती. पाऊस थांबला, कडक ऊन पडलं. जुलैभर ढग असतात तेव्हा पानांतून पाणी कमी उडतं आणि दुखावलेली मुळं कशीबशी पुरी पडतात. उन्हात पुरी पडली नाहीत. साडेअकराला झाड झुकलं, घरट्याचं पान देठापासून खाली आलं आणि घरट्याचं तोंड वरचं आडवं झालं. आरशात बघितलं तर तिन्ही अंडी एका कडेला जमलेली. मादी ग्रिलवर बसून टुविट टुविट करत होती, थांबत नव्हती.

मी जुन्या सुती साडीचा काठ फाडला, खोडाला दोन ठिकाणी सैल बांधून ग्रिलला ताणला. पानाला हात लावला नाही. देठाखाली बांबूची काडी रोवली, अगदी कुंडीच्या कडेला, म्हणजे मुळं कमी दुखावतील. मग छत्री उघडून ग्रिलला अडकवली, सावली झाडावर पडेल अशी. अर्धा लिटर पाणी दिलं, दोन तासांनी पुन्हा अर्धा लिटर. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या गॅलरीतून हे सगळं पाहिलं आणि त्यांच्याकडची हिरवी जाळी आणून दिली. जाळी मी बाहेरच्या बाजूनं लावली, पाखराची येण्याची वाट मोकळी ठेवून. अडीच वाजता पान बऱ्यापैकी उचललं गेलं होतं. मादी बाराच्या सुमारास गेली होती, ती पावणेएकला परत येऊन बसली.

त्यानंतर महिनाभर दिवसातून तीनदा थोडं थोडं पाणी. खत जवळजवळ नाही. शंभर ग्रॅम निंबोळी पेंड मातीवर पसरून वर पालापाचोळा, उकरणं अजिबात नाही. पेंडेनं एवढ्या वाढलेल्या गाठी जात नाहीत हे मला माहीत होतं. नवीन पिल्लांची संख्या थोडी दबली तरी पुष्कळ, एवढीच अपेक्षा होती.

१४ जुलैला पिल्लं बाहेर आली, तीनही. दुसऱ्या दिवशी दुसरं टोमॅटो उपटलं. आता गाठी स्पष्ट होत्या, मण्यांसारख्या. एक गाठ ब्लेडनं उभी चिरली आणि आत पांढरा, मोत्यासारखा चमकणारा ठिपका दिसला, टाचणीच्या टोकाएवढा. ती मादी, अजून अंड्यांवर न आलेली. भिंग पुरलं, फोल्डस्कोप लागला नाही.

वर दोघं आईबाप दिवसभर चारा आणत होते. सकाळी सात ते साडेसात मी मोजलं, अर्ध्या तासात सतरा फेऱ्या. कढीपत्त्यावरच्या फुलपाखराच्या अळ्या, मावा, बारीक कोळी. परत जाताना चोचीत पिल्लांची विष्ठा धरून नेत आणि लांब टाकत. वांग्याच्या वरच्या अंगाला त्या पंधरवड्यात एकही अळी राहिली नाही. ज्या झाडाला खालून कृमी खात होते त्याची पानं वरून पाखरं राखत होती. पण मुळापर्यंत पाखराची चोच पोचत नाही.

१९ जुलैच्या रात्री फार पाऊस झाला. सकाळी कुंडीतल्या पाल्यावर एक पिल्लू पडलेलं होतं, डोळे मिटलेले, पिसांच्या नळ्या नुकत्या फुटत होत्या. घरट्याचा एक टाका सुटून कड उघडी पडली होती. मादीनं दुपारपर्यंत तिथे दोन नवे टाके घातले. पिल्लू मी जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. बाकीची दोन शाबूत होती.

२२ जुलै, टोमॅटोचा सत्ताविसावा दिवस. ही तपासणी मी मुद्दाम सावकाश केली. कृमीची अंडी मुळाबाहेर चिकट जेलीच्या पुंजक्यात असतात, ती पारदर्शक असल्यानं सहज दिसत नाहीत. मुळं खाण्याच्या लाल रंगाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवली आणि नळाखाली धुतली. मूळ फिकट राहिलं, पुंजके लाल झाले. त्या लहानशा टोमॅटोच्या मुळावर मी एकतीस पुंजके मोजले. प्रत्येकात तीनशे ते पाचशे अंडी असू शकतात. ह्या जातीच्या, म्हणजे मेलॉइडोगाइन इन्कॉग्निटाच्या, मादीला नर लागतच नाही. पिल्लू असताना एकटीच मुळात शिरली, एकटीनं घर करवून घेतलं, आणि अंडी घातली. ती आपल्या पिल्लांना कधी बघणार नाही, चारणार नाही. तिकडे घरट्यात दोन पिल्लांसाठी दोन मोठी पाखरं दिवसभर खपत होती.

माझ्या वहीत त्या दिवसाचं पान दोन रकान्यांचं आहे. डावीकडे "२ पिल्लं, पिसं भरत आली", उजवीकडे "३१ पुंजके". ते पान लिहिताना मला कृमीचा राग येत होता, आणि त्याच वेळी तिच्या त्या सुईच्या कामाबद्दल आदर वाटत होता. दोन्ही खरं आहे.

२८ जुलैला सकाळी दोन्ही पिल्लं घरट्याच्या काठावर येऊन बसली. नऊ वाजता पहिलं ग्रिलवर, तिथून कढीपत्त्यावर. दुसरं दुपारी. तीन दिवस चौघं गॅलरीच्या आसपास होती. ३० तारखेच्या संध्याकाळी जास्वंदीच्या फांदीवर आईबाप आणि मधे दाबून दोन पिल्लं अशी एका ओळीत बसलेली पाहिली. अंधार होईपर्यंत मी दिवा लावला नाही.

३ ऑगस्टला वांगं उपटलं. झाड त्या महिन्यात एकही फूल न धरता जगलं होतं. मुळं पहिल्या झाडाइतकीच खराब, बोटाएवढ्या गाठी, काही सडायला लागलेल्या. एवढ्यावर ते घरटं पेलत उभं राहिलं. शिवलेलं पान मी देठासकट कापून घेतलं आणि टाके मोजले, अडतीस. त्यातल्या नऊ टाक्यांत आमच्या वातींचा कापूस आहे. भोकांच्या कडा अजूनही हिरव्या होत्या.

मुळं खतात टाकू नका, ही विनंती. मी वाळवून जाळली. ओल्या कचऱ्यातून खत, खतातून पुन्हा कुंडी असा फेरा नको. पावसात मातीला ऊन देता येत नाही, म्हणून दोन्ही कुंड्यांची माती आधी एका टबात काढून त्यात झेंडू दाट लावलाय. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यानं हे कृमी दबतात, मात्र दोन-अडीच महिने तरी झेंडू तिथे वाढायला हवा. म्हणजे दसऱ्याला फुलंही घरची. झेंडू काढला की ऑक्टोबरच्या उन्हात तीच माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ पसरायची, चार ते सहा आठवडे.

काही जण विचारतील की प्रतिकारक टोमॅटो का नाही लावत. रानटी टोमॅटोतून आणलेला एमआय नावाचा जनुक आहे आणि तो चांगला आहे, पण मातीचं तापमान अठ्ठावीसच्या वर गेलं की त्याचा प्रतिकार ढासळतो. माझ्या कुंडीत मे महिन्यात दुपारी तीनला ३४ अंश होते. डिसेंबर-जानेवारीत कदाचित. उन्हाळ्यात मुंबईच्या गॅलरीत त्याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

प्लास्टिक काढल्यावर त्या मातीवर लगेच विश्वास ठेवणार नाही. आधी पुन्हा सहा टोमॅटो, कागदी कपांत. तिसाव्या दिवशी मुळं लाल रंगात बुडवून मोजीन आणि तो आकडा पुढच्या नोंदीत लिहीन. ग्रिलच्या वरच्या कोपऱ्यातली जळमटं ह्या वर्षी काढलेली नाहीत.